आदराची भिंत

भिंतीला कान असतात, असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. कान असोत वा नसोत, काही भिंतींना वाचा मात्र निश्चित असते. राजवाड्यांच्या आणि मंदिरांच्या भिंतींवर राजे, सरदार आणि देवदेवता यांची चित्रे काढण्याची चाल फार जुनी आहे. ती चित्रे धनवंतांच्या आज्ञेने काढली जात आणि त्यांच्याच वैभवाची कथा सांगत. परंतु गरिबांच्या वस्तीत, हमरस्त्याच्या कडेला, रंग उडालेल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर त्याच वस्तीतील लोकांनी आपल्या माणसांची चित्रे काढली, तर ती भिंत काय सांगेल? अमेरिकेतील शिकागो शहरात इसवी सन १९६७ मध्ये अशी एक भिंत रंगविली गेली. ती अवघी चार वर्षे टिकली. तरीही तिचे नाव आजपर्यंत लोकांच्या स्मरणात आहे. त्या भिंतीची ही हकिकत आहे.

ही हकिकत नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना अनेक पिढ्या गुलाम म्हणून राबविण्यात आले. बाजारात गुरे विकावी तशी माणसे विकली जात. १८६५ साली घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पण कायदा बदलला म्हणून मने लगेच बदलत नाहीत. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाणी पिण्याच्या जागाही वेगळ्या राहिल्या. मतदानाचा हक्क कागदावर होता, परंतु तो बजावू दिला जात नसे. या जाचाला कंटाळून आणि पोटापाण्याच्या शोधात लक्षावधी कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेकडील शहरांत गेले. सुमारे १९१० पासून १९७० पर्यंत चाललेल्या या स्थलांतरात साठ लाखांच्या आसपास माणसे हलली. त्यांपैकी पुष्कळांनी शिकागोची वाट धरली. तेथील कत्तलखान्यांत, पोलादाच्या कारखान्यांत आणि आगगाडीच्या नोकरीत त्यांना काम मिळाले.

काम मिळाले, पण राहण्यास मोकळी जागा मिळाली नाही. शहराच्या बऱ्याच भागांत घरमालकांनी आपापसांत करार करून ठेवले होते की, आपले घर कृष्णवर्णीय माणसाला विकावयाचे नाही आणि भाड्यानेही द्यावयाचे नाही. हे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरीही आडमार्गाने तोच प्रकार चालू राहिला. त्यामुळे हे सारे लोक शहराच्या दक्षिण भागात दाटीवाटीने राहू लागले. त्या वस्तीला ब्रॉन्झव्हिल असे नाव पडले. तेथे दारिद्र्य होते, तशी विद्या आणि कलाही होती. तेथे गायक होते, वादक होते, वर्तमानपत्रे होती, कवी होते. १९६६ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत येऊन घरांच्या बाबतीतील या भेदभावाविरुद्ध मोर्चे काढले. त्यांपैकी एका मोर्च्यात त्यांच्यावर दगड भिरकावला गेला आणि तो त्यांच्या डोक्याला लागला. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९६७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील अनेक शहरांत असंतोषाचा भडका उडाला. डेट्रॉइट शहरात तर जुलै महिन्यात रस्त्यांवर लष्कर आणावे लागले.

अशा तापलेल्या वातावरणात शिकागोतील काही कृष्णवर्णीय लेखक, चित्रकार आणि छायाचित्रकार एकत्र आले. त्यांनी एक संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ते 'ओबासी' असा करीत. आफ्रिकेतील योरुबा भाषेत 'ओबा' या शब्दाचा अर्थ राजा असा होतो. त्यांच्या मनात एक प्रश्न होता. आपली मुले शाळेत जातात, पुस्तके उघडतात, चित्रपट पाहतात, जाहिराती वाचतात; पण त्यांत आपल्यासारखे चेहरे त्यांना कितीसे दिसतात? आणि जे दिसतात ते बहुधा नोकराचे, विदूषकाचे किंवा गुन्हेगाराचेच का असतात? ज्या मुलाला आपल्यासारखा माणूस मोठा झालेला कधी दिसत नाही, त्याने मोठेपणाचे स्वप्न तरी कसे पाहावे? शहरात चित्रांची मोठी संग्रहालये होती. पण कृष्णवर्णीय कलावंतांच्या कृतींना तेथे क्वचितच जागा मिळे आणि ब्रॉन्झव्हिलमधील सामान्य माणूस तेथे सहसा जात नसे. तेव्हा या कलावंतांनी ठरविले की, लोक चित्रांकडे जात नसतील तर चित्रांनीच लोकांकडे जावे.

या मंडळींत विल्यम वॉकर नावाचा एक चित्रकार होता. त्याचा जन्म १९२७ साली दक्षिणेतील अलाबामा राज्यात झाला होता. भिंती रंगविण्याचा त्याला पूर्वीचा अनुभव होता. त्याने त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली मार्ग यांच्या कोपऱ्यावरील एक दुमजली इमारत सुचविली. खाली दुकान, वर खोल्या, समोरून दिवसभर माणसांची येजा, अशी ती जागा होती. इमारत जुनी आणि दुर्लक्षित होती. वॉकरचे म्हणणे असे होते की, भिंत ज्या लोकांच्या डोळ्यांसमोर रोज उभी राहणार, त्यांची संमती प्रथम हवी. म्हणून कलावंतांनी वस्तीतील लोकांशी बोलणे केले आणि मगच कामास हात घातला. 

आता प्रश्न आला, चित्रे कुणाची काढावयाची? यावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी निवडीसाठी तीन कसोट्या ठरल्या. त्या व्यक्तीच्या कार्यात आपल्या लोकांच्या जीवनाचे सौंदर्य आणि बुद्धीचे तेज प्रामाणिकपणे उमटलेले असावे, ही पहिली कसोटी. स्वतः वर चढल्यावर खाली राहिलेल्या आपल्या बांधवांना ती विसरलेली नसावी, ही दुसरी. आणि आपले काम तिने इतक्या उत्तम रीतीने केलेले असावे की तिची जागा दुसऱ्या कुणाला घेता येऊ नये, ही तिसरी. मुलांनो, या कसोट्यांत पैशाचा उल्लेख नाही आणि अधिकारपदाचाही नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. या भिंतीला त्यांनी नाव दिले 'वॉल ऑफ रिस्पेक्ट', म्हणजे आदराची भिंत.

संपूर्ण भिंतीची आखणी सिल्व्हिया अ‍ॅबरनाथी या कलावतीने केली. खिडक्या आणि खांब यांमुळे भिंतीचे जे भाग आपोआप पडले होते, त्यांचाच उपयोग करून तिने विभाग पाडले आणि सर्वांना शोभतील असे रंग ठरवून दिले. नेते, धर्म, साहित्य, संगीत, नाट्य, नृत्य, क्रीडा असे ते विभाग होते. एकेक विभाग एकेका चित्रकाराने अंगावर घेतला. जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स, कॅरोलिन लॉरेन्स, मिर्ना वीव्हर, एडवर्ड ख्रिस्तमस ही त्यांतील काही नावे होत. काही ठिकाणी रंगविलेल्या चित्रांच्या शेजारी मोठी छायाचित्रेही बसविण्यात आली. काम आपणा सर्वांचे आहे, तेव्हा कुणीही चित्राखाली आपले नाव घालावयाचे नाही, असे त्यांनी आपापसांत ठरविले होते.

परांची उभारली गेली आणि काम सुरू झाले. एरवी चित्रकार आपल्या खोलीत एकांतात बसून चित्र काढतो. ते पुरे झाल्यावरच लोकांना दिसते. येथे सारे उघड्यावर चालले होते. कामावरून परतणारे मजूर थांबून पाहात, बायका बाजाराची पिशवी हातात घेऊन उभ्या राहात, मुले तर दिवसभर तेथून हलत नसत. हे कोण, ते कोण, असे प्रश्न विचारले जात आणि परांचीवरून उत्तरे दिली जात. ज्याने कधी इतिहासाचे पुस्तक हाती धरले नव्हते, तोही आपल्या लोकांचा इतिहास रस्त्यावर उभा राहून शिकू लागला. ऑगस्ट १९६७ मध्ये भिंत पुरी झाली. तेथे कवितावाचने झाली, गाणी झाली, सभाही झाल्या. ग्वेंडोलिन ब्रुक्स ही कवयित्री याच शहरात राहणारी होती. १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिचे चित्र भिंतीवर होते, आणि तिने त्या भिंतीसमोर उभे राहून भिंतीवरचीच आपली कविता लोकांना वाचून दाखविली. लांबलांबून माणसे ती भिंत पाहण्यास येऊ लागली.

भिंतीवर कोण कोण होते ते पाहा. मुष्टियोद्धा मुहम्मद अली होता. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात त्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी लष्करात भरती होण्यास नकार दिला होता आणि त्यामुळे त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले होते. अधिकाऱ्यांनी ज्याचा मान काढून घेतला, त्याला त्याच्या लोकांनी भिंतीवर मान दिला. माल्कम एक्स हे नेते होते. त्यांची १९६५ साली हत्या झाली होती. नीना सिमोन आणि अरीथा फ्रँकलिन या गायिका होत्या, चार्ली पार्कर आणि थेलोनियस मंक हे वादक होते. आणि त्यांच्यात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे थोर विद्वानही होते.

डू बॉइस यांचे नाव आपण महाराष्ट्रातील लोकांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना एक पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोक आपली दाद मागण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करीत आहेत, असे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यांची स्थिती आणि त्या लोकांची स्थिती यांत पुष्कळ साम्य आहे, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी त्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर धाडले. या नात्याची सुरुवात त्याहूनही जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. पुढे १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' ही संघटना निघाली, तिने आपले नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर' या संघटनेवरून घेतले. अन्याय दूरदूरच्या देशांत असला तरी तो सोसणारी माणसे एकमेकांची भाषा कशी ओळखतात, हे यावरून दिसते.

भिंतीवर कोण नव्हते हेही पाहिले पाहिजे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे चित्र तेथे नव्हते. हे विसरण्यामुळे झाले नव्हते. किंग यांचा अहिंसेचा मार्ग त्या काळच्या अनेक तरुणांना फार संथ वाटू लागला होता. कलावंतांमध्ये आणि वस्तीतही या बाबतीत एकमत होण्यासारखे नव्हते. म्हणजे ही भिंत साऱ्या इतिहासाचा निःपक्षपाती तक्ता नव्हती. एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट कोपऱ्यावर, लोकांच्या मनात जे धुमसत होते ते तिच्यावर उमटले होते. सार्वजनिक चित्र पाहताना ते कुणी काढले, केव्हा काढले आणि कुणाला वगळले, हे तीन प्रश्न आपण नेहमी विचारावेत.

पुढे आणखी एक दुःखाची गोष्ट घडली. नेत्यांच्या विभागातील चित्र काहींना पसंत पडले नाही. काही आठवड्यांतच तो भाग पांढऱ्या रंगाने पुसून टाकण्यात आला आणि दुसऱ्या चित्रकाराने तेथे नवे चित्र काढले. ज्याने मूळ चित्र काढले होते त्याची संमती मात्र घेतली गेली नव्हती. सहकाऱ्यांची मने दुखावली आणि तो संघ फुटला. जी भिंत आदराच्या नावाने उभी राहिली, तिच्यावरच एका सहकाऱ्याचा अनादर झाला! या प्रसंगावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. भिंत वस्तीची असेल तर ती बदलण्याचा अधिकारही वस्तीचा, असे एका बाजूचे म्हणणे होते. श्रम ज्याचे त्याला विचारल्यावाचून ते पुसू नयेत, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. चांगल्या कार्यातही असे पेच येतात, आणि ते केवळ चांगल्या हेतूने सुटत नाहीत. त्यासाठी एकमेकांशी बोलावे लागते.

संघ फुटला, तरी काम थांबले नाही. डोनाल्डसन, जॅरेल, बार्बरा जोन्स आदींनी १९६८ साली कलावंतांचा दुसरा गट स्थापन केला. वॉकर त्याच वर्षी डेट्रॉइटला गेला आणि तेथील कलावंतांच्या साहाय्याने 'प्रतिष्ठेची भिंत' रंगविली. १९६९ साली आदराच्या भिंतीच्या समोरच्याच बाजूस 'सत्याची भिंत' उभी राहिली. पाहता पाहता अमेरिकेतील अनेक शहरांत वस्त्यावस्त्यांतून लोकांच्या भिंती बोलू लागल्या. मेक्सिको देशात १९२० नंतर दिएगो रिव्हेरा आदी चित्रकारांनी सरकारी इमारतींवर शेतकरी आणि कामकरी यांची भव्य चित्रे काढली होती. त्या परंपरेशीही या नव्या चित्रांचे नाते जुळले.

१९७१ साली ती मूळ इमारत आगीत सापडली आणि त्यानंतर ती पाडण्यात आली. भिंत गेली. तिची छायाचित्रे तेवढी राहिली. २०१७ साली, तिला पन्नास वर्षे झाली तेव्हा, शिकागोत तिच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरविण्यात आले.

रस्त्यावर चित्रे काढून न्याय मागण्याची ही रीत मात्र संपली नाही. २५ मे २०२० रोजी मिनीआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस, पोलिसाने त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळे मरण पावला. तो जेथे मृत्यू पावला, त्या जागेजवळच्या एका भिंतीवर थोड्याच दिवसांत कलावंतांनी त्याचे मोठे चित्र काढले आणि लोक तेथे फुले वाहू लागले. पुढील वर्षी त्या पोलिसाला न्यायालयाने खुनाबद्दल दोषी ठरविले. ५ जून २०२० रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाकडे जाणाऱ्या सोळाव्या रस्त्यावर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' ही अक्षरे पिवळ्या रंगाने रंगविण्यात आली. कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे, असा त्यांचा आशय. सुमारे पस्तीस फूट उंचीची ती अक्षरे रस्त्याची सारी रुंदी व्यापून बसली होती. ती नगरपालिकेच्या पुढाकाराने काढली गेली होती. काहींना त्यामुळे धीर आला; काही चळवळकर्त्यांनी मात्र स्पष्ट विचारले की, रस्ता रंगविला, पण कारभार बदलला का? मार्च २०२५ मध्ये, वॉशिंग्टन शहराचा निधी रोखण्याचा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसमध्ये आल्यावर, ती अक्षरे उखडून काढण्यात आली.

तर मग अशा चित्रांचा उपयोग काय? रंग उडतो, भिंत पडते, रस्ता उखडला जातो. चित्र काढल्याने कुणाला घर मिळत नाही आणि कायदाही बदलत नाही. हे सारे खरे आहे. कायद्यासाठी मोर्चे काढावे लागले, न्यायालयांत झगडावे लागले, मते मिळवावी लागली. परंतु हे सारे करण्यासाठी माणसाने प्रथम ताठ मानेने उभे राहावे लागते. आपण हीन आहोत असे ज्याच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या बिंबविले गेले, त्याला आपल्याच गल्लीच्या तोंडाशी आपले मोठे लोक उभे दिसले, म्हणजे त्याच्या पाठीचा कणा सरळ होतो. त्रेचाळिसाव्या रस्त्यावर परांचीखाली उभे राहून वर पाहणाऱ्या मुलांना त्या उन्हाळ्यात हेच मिळाले. ती भिंत पडली तेव्हा त्यांतील पुष्कळ मुले तुमच्याएवढी झाली असतील. भिंतीवर पाहिलेले चेहरे त्यांना तोपर्यंत तोंडपाठ झाले होते.

अभ्यास

१. कलावंतांनी चित्रांसाठी व्यक्ती निवडताना कोणत्या तीन कसोट्या ठरविल्या? त्यांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते? कारण द्या.

२. 'लोक चित्रांकडे जात नसतील तर चित्रांनीच लोकांकडे जावे' असे कलावंतांना का वाटले?

३. नेत्यांच्या विभागातील चित्र पुसले गेले, त्या बाबतीत दोन्ही बाजूंचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत लिहा. तुम्ही तेथे असता तर काय सुचविले असते?

४. डॉ. आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र का लिहिले?

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : संमती, कसोटी, दुर्लक्षित, निःपक्षपाती, पांघरूण घालणे.

६. तुमच्या गावातील एका भिंतीवर पाच व्यक्तींची चित्रे काढावयाची आहेत. पाठातील कसोट्या लावून त्या पाच व्यक्ती निवडा आणि प्रत्येकीविषयी दोन वाक्ये लिहा. ज्यांना वगळावे लागले त्यांपैकी एका व्यक्तीविषयीही लिहा.